दगडासाठी वळवलेली बोट

दादा, काल मुक्ताने मला एक प्रश्न विचारला. प्रश्न खरं तर तुझ्यासाठी होता. पण तू नाहीस, वहिनी अजून कुणाशी धड बोलत नाही, आणि घरात विचारण्यासारखं वडीलधारं माणूस म्हणून आता मीच उरलोय. कोळ्याच्या घरी जन्मून ज्याला भरलेल्या बादलीचीही धास्ती वाटते, तो तुझा धाकटा भाऊ.

ती म्हणाली, "बाबा, परवा भरतीला मी बोट काढतेय. बाहेर असताना लांब कुठे तशी बत्ती पडताना दिसली, त्या दिवशी दिसली तशी, तर बोट वळवू की नको? काकाला विचारायचं राहूनच गेलं. तू सांग."

माझी लेक मला असं कधी म्हणत नाही. रिमोट कुठे ठेवलाय आणि गॅसचा नंबर लावला का, यापलीकडे मला काही विचारलं जात नाही. मी म्हटलं, "उद्या सांगतो." जन्मभर सरकारी कचेरीत काढल्याचा एक फायदा असा, की हे दोन शब्द जिभेवर तयार असतात. आता तो उद्या उजाडून दुपार झालीय, आणि मी जुईनगरच्या घरात गॅलरीचं दार लावून तुझ्याशी कागदावर बोलत बसलोय. मी "वळ" म्हटलं तर ती वळेल. "नको" म्हटलं तर कदाचित वळणार नाही. आणि दोन्हीची मला सारखीच भीती वाटते.

तू गेलास त्याला अजून महिना झालेला नाही. लोक येतात आणि विचारतात, कसे गेले? त्यांना वाटतं वादळ, लाट, काहीतरी मोठं असणार. पन्नासेक वर्षं समुद्रावर काढलेला माणूस. मलाही तेच वाटायचं. वारा सुटला की ऑफिसच्या खिडकीतून मी झाडांचे शेंडे बघत बसायचो. ते फार हलायला लागले की तुला फोन लावायचो, आणि तू हमखास "संपर्क क्षेत्राबाहेर" असायचास. मग संध्याकाळी तुझाच फोन यायचा, "काय सायेब, किती मिसकॉल? टेन्शन घेतंस काय रं?"

आणि तू गेलास कसा? घरी, पंख्याखाली, बोंबलाचं कालवण आणि भात जेवून, उशाखाली हात घेऊन आडवा झालास. वहिनी चहाला उठवायला आली तेव्हा तू उठला नाहीस. समुद्राने काहीच केलं नव्हतं. तो धक्क्याखाली ओहोटीला लागला होता. माझी सगळी भीती आयुष्यभर चुकीच्या दारावर पहारा देत बसली होती. त्या दिवसापासून मला घरातल्या पंख्याचीही खात्री वाटत नाही, दादा. शुभा दुपारी माझ्या शेजारी जरा जास्त झोपली तर मी तिच्या नाकाशी हात धरून बघतो. परवा ती जागी होती. "अजून हाय," म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

त्या दिवशी कोळीवाड्याच्या धक्क्यावरची एकही बोट सुटली नाही. तुला नेताना मी मागे वळून पाहिलं, सगळ्या बोटी एकीला एक लागून उभ्या होत्या. इतका मान माझ्या वाट्याला कधी येणार नाही, हे तेव्हाही मनात आलं. हसू नकोस, अशा वेळी असंच काहीबाही मनात येतं.

तुला आठवतं का, बाने मला भरतीच्या वेळी खाडीत ढकललं होतं? कोळीवाड्यातली सगळी पोरं तशीच पोहायला शिकली. मी शिकलो नाही, मी सरळ बुडालो. तू मागून उडी मारून मला केसांना धरून वर काढलंस. मी धक्क्यावर पडून पाणी ओकत होतो, आणि तू अंगावरून पाणी निथळत बासमोर उभा राहून म्हणालास, "याला शालेत घाल. दरियाचं मी बगतो." तेव्हा तू स्वतः शाळेत जात होतास! पुढच्या वर्षी तू शाळा सोडलीस आणि बाबरोबर बोटीवर जायला लागलास.

माझी नोकरी, हा फ्लॅट, मुक्ताचं कॉलेज, मे महिन्यात मिळालेली निवृत्तीची शाल आणि नारळ, सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे. माझ्या वाट्याचा समुद्रही तू करून टाकलास. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. आपल्या घरात असलं काही बोलायची पद्धत नव्हती, आणि तू ते ऐकूनही घेतलं नसतंस.

तू दर रविवारी पिशवी घेऊन जुईनगरला यायचास. लिफ्टमध्ये माशाचं पाणी ठिबकायचं. सोसायटीच्या सेक्रेटरीने ग्रुपवर मेसेज टाकला, "काही सदस्यांचे नातेवाईक लिफ्ट अस्वच्छ करतात." मी लाजेने अर्धमेला झालो. तुला सांगितलं तर पुढच्या रविवारी तू आधी त्याच्या दारात गेलास आणि ताजी पापलेटं ठेवून आलास. त्यानंतर लिफ्ट आपोआप स्वच्छ झाली. मला आजवर ज्या ज्या गोष्टीची भीती वाटली, ती तू अशी चालत जाऊन संपवलीस.

पण ती संध्याकाळ तुला संपवता आली नाही. मलाही नाही.

गेल्या थंडीतली गोष्ट. काशिनाथ, तुझा जुना खलाशी, भाच्याच्या लग्नाला गेला होता. मुक्ता तर कॉलेज सुटल्यापासून तुझ्या बोटीवरच असायची, पण तुला आणखी दोन हात हवे होते. "रविवार हाय, चल. नुसता बसून रा," तू म्हणालास. मी नुसता बसायला आलो. उरणच्या पुढे, मोठी जहाजं नांगरून उभी असतात त्याच्याही बाहेर आपण होतो. सूर्य नुकताच बुडाला होता, पश्चिमेला जरा तांबूसपणा शिल्लक होता. जाळं पाण्यात सोडलेलं होतं. इंजिन बंद करून तू खाली त्याच्या खणात डोकं घालून पट्टा तपासत होतास. मुक्ता चहा गाळत होती. मी कठडा घट्ट धरून, उलटी होऊ नये म्हणून आकाशाकडे बघत होतो. त्यामुळे ते सगळंच्या सगळं मी एकट्याने पाहिलं.

आधी मला माझे हात हिरवे दिसले. मग अख्खी बोट पांढरी झाली. दोरखंडाचा पीळ न पीळ दिसायला लागला, मुक्ताच्या हातातल्या गाळणीची जाळी दिसायला लागली. फळ्यांवर आपल्या सावल्या पडल्या, आणि त्या सावल्या चालू लागल्या. आपण कोणी जागचे हललो नव्हतो, पण डोलकाठीची सावली, मुक्ताची सावली, माझी सावली बोटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकत गेली. मी वर पाहिलं. वेल्डिंगकडे उघड्या डोळ्यांनी बघू नये म्हणतात, तसला उजेड आभाळ चिरत नैऋत्येकडे चालला होता. आणि आवाज काहीच नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली. एवढी मोठी गोष्ट डोक्यावरून जातेय आणि मला चहाचे थेंब पातेल्यात पडताना ऐकू येतायत. मग त्याचे तुकडे झाले. ते नारिंगी झाले, लाल झाले, आणि शेवटचा तुकडा पाण्याच्या कडेपाशी विझत विझत खाली गेला.

तू डोकं वर काढलंस तेव्हा तुला तो शेवटचा लाल तुकडाच दिसला.

"रॉकेट," तू म्हणालास. "कोनी तरी रॉकेट मारलान."

संकटात सापडलेली बोट मदतीसाठी लाल बत्तीचं रॉकेट उडवते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि ते ज्याला दिसलं त्याने हातातलं काम टाकून तिकडे जायचं, हेही. तू एक अक्षर न बोलता जाळ्याचं टोक तरंगत्या बोयाला बांधून सोडून दिलंस.

"दादा, रॉकेट नाही ते," मी म्हटलं. "वरून आलं. उल्का आहे."

"वरून येताना पायलंस तू?"

"पाहिलं."

"मुक्ते, तू?"

"मी मधूनच बघितलं, काका. खूप मोठं होतं."

"मना खालीच दिसलं." तू सुकाणूला हात घातलास. "वरून आलं असल. पन नसल तर?"

मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात लांबून एक दबका दणका आला. केबिनची काच थरथरली. उल्केच्या मागून असा आवाज येतो, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या क्षणी मलाही शंका आली. तू फक्त म्हणालास, "बग. काय तरी फुटलं." वायरलेसवर विचारलंस. दोघा-तिघांनी उजेड पाहिला होता, कोणाचा हे कुणालाच माहीत नव्हतं. तू बोट वळवलीस.

तिकडे पोचेपर्यंत अंधार झाला. आणि मग तू ते केलंस, ज्याची मला आजही धडकी भरते. तू इंजिन बंद केलंस.

"पुढं जा," मला म्हणालास. "टोकाला उभा रा आनि ऐक. माजं कान इंजिनानं खाल्लं."

खरंच होतं ते. आयुष्यभर इंजिनाशेजारी बसून तुला एका कानाने जेमतेम ऐकू यायचं. मुक्ता इंजिनापाशी होती, तिच्या कानात बंद केल्यावरही ते घुमत राहायचं. फायलींमध्ये सांभाळून ठेवलेले माझेच कान तेवढे शाबूत होते. मी गुडघ्यांवर रांगत बोटीच्या नाळेवर गेलो, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, आणि दोरी हाताला गुंडाळून उभा राहिलो.

तू तोंडाभोवती हात धरून हाक मारलीस, "होऽऽऽऽ!" आणि मग सगळे गप्प.

तशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. पाणी बोटीच्या पोटाला हळूच लागत होतं. कुठेतरी एक फळी कुरकुरत होती. समोर नुसता काळोख, पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं.

"आलं काय?"

"नाही."

तू इंजिन सुरू केलंस, थोडं पुढे गेलो, पुन्हा बंद. पुन्हा हाक. पुन्हा ती शांतता.

"आलं काय?"

"नाही, दादा."

मला काय वाटत होतं ते मी तुला कधी सांगितलं नाही, म्हणून आज सांगतो. मला उत्तर येईल याची भीती वाटत होती. काळोखातून एक जरी "ओऽ" आली असती, तरी तू थांबला नसतास. तू पाण्यात उतरला असतास, मुक्ता तुझ्या मागे उतरली असती, आणि मी त्या टोकाला दोरी धरून उभा राहिलो असतो. मी प्रत्येक वेळी कान देऊन ऐकत होतो, आणि प्रत्येक वेळी मनात म्हणत होतो, कोणी नसू दे, देवा, कोणी नसू दे. पण ती विनवणी बुडणाऱ्यांसाठी नव्हती, ती आपल्यासाठी होती. तू मात्र माझ्या "नाही"वर पूर्ण विश्वास ठेवून बोट पुढे नेत होतास.

कितव्या खेपेला ते आठवत नाही. मी ऐकत असताना एक घरघर जाणवली, कानाला नाही, पायाला. फळ्या बारीक थरथरत होत्या. मी उजवीकडे पाहिलं तर तिकडे आभाळच नव्हतं. तारे होते ते नाहीसे झाले होते. खूप वर एक-दोन दिवे, आणि त्यांच्याखाली काळी भिंत आपल्याकडे येत होती.

"दादा! जहाज!"

तू स्टार्टर मारलास. इंजिन खोकलं आणि थांबलं. पुन्हा मारलास. नाही. मुक्ता बॅटरी घेऊन केबिनवर चढली आणि जहाजाच्या दिव्यांकडे झोत हलवायला लागली. तू खालून ओरडलास, "त्याच्यावर नको! आपल्या केबिनवर मार, पांढरा रंग दिसू दे त्याला!" तुझा आवाज तेवढा मोठा मी कधी ऐकला नव्हता, पण त्यात भीती नव्हती. मला तुझा इतका राग कधी आला नव्हता.

तिसऱ्यांदा इंजिन लागलं. आपण त्या भिंतीच्या वाटेतून निसटलो, पण तिच्या मागून आलेल्या लाटेने बोट बाजूवर कलली. मुक्ता केबिनवरून घसरली. मी पाहिलं, दादा. तिचे पाय बोटीच्या बाहेर होते. मी तिथून तिचं नाव घेऊन ओरडण्यापलीकडे काही करू शकलो नाही. तू एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्या हाताने तिच्या जर्किनची कॉलर पकडलीस आणि तिला आत ओढलंस. तिने आत पडल्या पडल्या पहिल्यांदा बॅटरी शोधली.

त्यानंतर मी ओकलो, आणि मग जे तोंडाला येईल ते तुला बोललो. तू सगळं ऐकून घेतलंस. किंवा घेतलं नसशीलही, तुझा कान त्या बाजूला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर व्हिडिओ फिरत होते. कोणाच्या गॅलरीतून, कोणाच्या गाडीतून, कोणाच्या पार्किंगच्या कॅमेऱ्यातून. ऑफिसात एक जण सांगत होता की त्याने डोळे मिटून इच्छा मागितली. मी अर्धी रजा टाकून थेट कोळीवाड्यात आलो. तू ओट्यावर बसून जाळं निवडत होतास. मी फोन तुझ्या नाकासमोर धरला.

"दगड आहे हा, दादा! आभाळातला दगड! दगडासाठी माझी पोर गेली असती!"

तू व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिलास. पुन्हा एकदा पाहिलास. मग फोन माझ्या हातात दिलास.

"दगड व्हता ते आज कललं," म्हणालास. "काल कोनाला म्हायत व्हतं?"

मी आवाज चढवला. मुक्ता पुन्हा तुझ्या बोटीवर पाय ठेवणार नाही, असं तिथेच जाहीर करून टाकलं. तू मान हलवलीस. मुक्ताने मान हलवली नाही, आणि चार दिवसांनी ती पुन्हा तुझ्याबरोबर गेली. त्यानंतर आपण सगळं बोललो, दादा. वहिनीच्या गुडघ्याचं, माझ्या पेन्शनचं, गावातल्या नवीन टॉवरचं. रविवारची पिशवीही चुकली नाही. फक्त त्या संध्याकाळबद्दल तूही बोलला नाहीस आणि मीही नाही.

मी एवढा चिडलो कशाने, ते मला नंतर हळूहळू उमगलं. व्हिडिओ बघून मला इतकं सुटल्यासारखं वाटलं होतं, की माझी मलाच लाज वाटली. दगड होता, म्हणजे पाण्यात कोणी नव्हतं. म्हणजे माझं "नाही" बरोबर होतं. तोपर्यंत रात्रभर मला एकच शंका खात होती. कोणी नसू दे, असं इतक्या जोराने म्हणणाऱ्या माणसाला, कोणी असतं तर ऐकू आलं असतं का?

पावसाळ्यात बोट वर काढून तू रंगवत होतास. मी निवृत्त झालो होतो, दुपारी येऊन तुझ्याजवळ क्रेटवर बसायचो. एकदा तू ब्रश थांबवून, माझ्याकडे न बघता विचारलंस, "तवा तुला खरंच काय ऐकू आलं नवतं ना, रम्या?"

मी चमकलो. दगड होता हे तुला माहीत होतं. तूच ते मान्य केलं होतंस. तरी इतके महिने तेच तुझ्याही पोटात होतं. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की तू घाबरतोस. जहाजाला नाही, लाटेला नाही. कोणी हाक मारली आणि ती आपल्याला ऐकूच आली नाही, याला तू घाबरत होतास. तुझे कान गेल्यापासून रोज समुद्रावर घाबरत असणार.

"नाही दादा, काहीच नाही आलं," मी म्हटलं.

"मंग बरं," म्हणून तू पुन्हा ब्रश फिरवायला लागलास.

मला तेव्हाच सगळं बोलायचं होतं. पण वहिनीने चहाला हाक मारली, ती मात्र तुला बरोबर ऐकू आली. आणि मग राहिलंच. बोट रंगून झाली, नारळी पौर्णिमा झाली, आणि एका दुपारी तू उठलाच नाहीस.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनीने बोटीची किल्ली मुक्ताच्या हातात दिली. कोणालाही विचारलं नाही. बोट तिच्या शब्दावर चालणार, म्हणजे आता तीच तांडेल. काशिनाथ तिच्याबरोबर असणार आहे. मी शुभाला म्हटलं, तू तरी तिला अडव. शुभा म्हणाली, "अडवते. मग ती पण तुझ्यासारखी खिडकीत बसून झाडं बघेल. चालेल?"

इथवर लिहून मी उठलो, शर्ट चढवला आणि कोळीवाड्यात गेलो.

वाटेत उत्तर पक्कं केलं. अगदी शहाण्यासारखं उत्तर होतं. वळू नकोस. वायरलेसवर कळव, सरकारी बोटी असतात, त्या जातील, ते त्यांचं काम आहे. बेलापूर स्टेशनपासून धक्क्यापर्यंत मी ते पुटपुटत चाललो होतो. समोरून येणारी एक बाई वळून बघत राहिली.

मुक्ता बोटीवर होती. तुझा जुना शर्ट, कोपरापर्यंत बाह्या वर केलेल्या. काशिनाथ मागच्या बाजूला दोरी गुंडाळत होता. मला बघून ती कठड्यापाशी आली. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली.

"बाबा, मी ठरवलं बघ. वळायचं तर आहेच. पण मी इंजिन बंद नाही करणार. चालू ठेवूनच फेरी मारेन. म्हणजे जहाज आलं तरी लगेच निघता येईल. तू टेन्शन घेऊ नको."

तिने ते माझ्यासाठी शोधून काढलं होतं. मी घाबरतो म्हणून. मला "बरं" म्हणता आलं असतं. मी सुटलो असतो.

"इंजिन चालू ठेवलंस तर ऐकू काय येणार तुला?" मी म्हटलं. हे माझ्या तोंडून कसं निघालं, मला खरंच माहीत नाही.

"काशिनाथकाका आहेत ना."

"हाक मार त्याला."

"काशिनाथकाका!" ती ओरडली. तो आठ-दहा हातांवर पाठमोरा उभा होता. दोरी गुंडाळत राहिला. तिने पुन्हा हाक मारली, तेव्हा शेजारच्या बोटीवरचा माणूस वळला, काशिनाथ नाही.

तिच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा भीती दिसली, दादा. तुझ्या चेहऱ्यावर कधी दिसली नाही तशी, आणि माझ्या चेहऱ्यावर रोज असते तशी.

"वळ," मी म्हटलं. "आणि इंजिन बंद कर. फक्त तू इंजिनापासून हलू नकोस. ऐकायला मी येतो."

"बाबा, तुला पोहता येत नाही."

"ऐकायला पोहावं लागत नाही."

"तुला उलट्या होतात."

"होऊ देत. निवृत्त माणसाला दुसरं काय काम आहे?"

ती हसली नाही. तिने केबिनमधून तुझं लाइफ जॅकेट आणलं, लहान पोराला घालतात तसं माझ्या डोक्यावरून घातलं आणि पट्टे आवळले. तरी ते सैल होतं. मग तिने तोंड फिरवलं, आणि मीही खाडीकडे बघत राहिलो.

उद्या भरतीला निघतोय, दादा. भीती तसूभरही कमी झालेली नाही. अक्षर बघ कसं आलंय. उद्या मी नाळेवर दोरी धरून उभा राहीन, आणि काळोखातून कोणी हाक मारू नये म्हणून त्या वेळी केली तशीच देवाची विनवणी करत राहीन. पण कोणी हाक मारलीच, तर मला ती ऐकू येईल.